तिसरी तार

आमच्या क्लासच्या घरमालकांना सुटी तार दिसली की ते भरल्या ताटावरून उठायचे. हे मी वाढवून सांगत नाही. एकदा क्लासची बेल वाजेनाशी झाली म्हणून मी जिन्यातून वर हाक मारली, तर काका उष्ट्या हातानेच स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली आले. बटण उघडून आतली तार घट्ट केली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती सैल करून ठेवली होती. "सुटं ठेवू नये काही," ते म्हणाले, "काय कुठून येईल सांगता येत नाही."

मला वाटलं शॉकबद्दल बोलताहेत. नगरपालिकेत आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, विजेला भीत असेल. पुढे कळलं की शॉकचं त्यांना काहीच नव्हतं. चालू बोर्डात ते बिनदिक्कत बोट घालायचे.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. भिवंडीत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. आमच्या सरांनी जुन्या आळीतल्या एका दुमजली घराची खालची खोली भाड्याने घेतली, त्यात चार खोकी मांडली आणि मला शिकवायला बसवलं. सर आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचे. बाकी मी, पोरं, आणि घरामागच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट. त्या आवाजाची इतकी सवय व्हायची की तो आहे हे कळायचं नाही. कळायचा तो शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी व्होल्टेज चांगलं मिळायचं म्हणून आम्ही महत्त्वाची कामं शुक्रवारवर ठेवायचो, पण त्या शांततेत पहिला तासभर माझं डोकं दुखायचं. भिंतींना कान फुटलेत असं वाटायचं.

काका उंच, काटकुळे. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. दुसऱ्या खिशात काळ्या चिकटपट्टीचं वेटोळं. त्या घरातल्या नळाला, झाडूला, छत्रीच्या दांड्याला, सगळ्याला चिकटपट्टी होती. वाऱ्याने अँटेनाची तार हलते म्हणून त्यांनी घरात टीव्ही घेतला नव्हता. भेटल्यावर कशी आहेस असं विचारायच्या ऐवजी "जोड पक्के आहेत ना सगळे?" असं विचारायचे आणि बोलता बोलता समोरची वस्तू ओढून बघायचे. प्लग, कपड्यांची दोरी, एकदा तर माझ्या पर्सचा पट्टा. कुणाच्या लग्नाला गेले की वधूवरांना अक्षता टाकायच्या आधी मांडवाच्या लायटिंगवाल्याला गाठून त्याचा जीव खायचे. मी त्यांची नक्कल इतकी छान करायचे की पोरं मागून मागून करायला लावायची.

वर काकांसोबत वहिनी राहायच्या. वहिनी म्हणजे काकांच्या धाकट्या भावाची बायको. काका विधुर, मूलबाळ नाही. सगळी आळी त्यांना वहिनी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. चाळिशीच्या असतील. मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं कमी. आणि धाकटा भाऊ? तो दिसत नव्हता. पण दारात त्याच्या चपला होत्या. वहिनी रोज सकाळी त्या पुसून, जोड नीट लावून ठेवायच्या.

आमच्याकडे झाडायला जवळच्या पूर्ण्याहून एक बाई यायची. तिने पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, या घरात येक माणूस जास्तीचा हाय. दिसत न्हाय, पन हाय. वर तीन ताटं मांडत्यात." मी तिला हसण्यावारी नेलं. नंतर एकदा चावी द्यायला वर गेले तेव्हा तीन ताटं मी स्वतः पाहिली. तिसऱ्यात भात वाढलेला नव्हता, पण पाण्याचं भांडं भरलेलं होतं.

गाण्याचं मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी, दुपारची बॅच सुटल्यावर, त्या शांततेत वरून एका बाईचं गाणं ऐकू यायला लागलं. गौळण होती. आवाज मोकळा, तरुण, थोडा खट्याळ. वहिनी गातात हे मला नवीनच होतं. कौतुकाने मी जिना चढून गेले. वहिनी गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते, आणि त्यांचा आवाज आतल्या खोलीतून येत होता.

मी जागच्या जागी थांबले. दाराच्या फटीतून आतलं दिसत होतं. काका जमिनीवर बसून एका जुन्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-टेपला, कान लावून होते. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. गाणं ऐकणारा माणूस असा बसत नाही. डॉक्टर छातीला नळी लावून बसतो तसे ते बसले होते.

वहिनींनी मला बसायला सांगितलं आणि मान खाली घालून तांदूळ निवडत निवडतच सगळं सांगितलं. त्यांचे यजमान मागच्याच एका कारखान्यात मेहता होते, म्हणजे कामगारांची हजेरी आणि कापडाचा हिशोब बघायचे. श्रावणात घरी सत्यनारायण होता. त्यांनी नवाकोरा स्टीरिओ टू-इन-वन आणला होता, दोन बाजूंना दोन माइकवाला, आणि आरतीनंतर वहिनींना समोर बसवून गौळण म्हणायला लावली. ती टेप केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. पोलिसात तक्रार झाली, फोटो छापून झाला, काका कुठे कुठे शोधून आले. सासूबाई दाराकडे बघत बघत गेल्या. उरली ती कॅसेट. शेवटच्या संध्याकाळची.

तेव्हापासून दर शुक्रवारी, लूम थांबले की काका ती लावतात. मागच्या कारखान्याचा मालक मला पुढे एकदा म्हणाला, "चाचा का भी कमाल है. हमारा लूम बंद, उनका गाना चालू." आळीत सगळ्यांना त्याचं फार कौतुक. माणूस चक्रम आहे, पण भावावर माया बघा, असं म्हणायचे. मीही म्हणायचे. पुढे नक्कल करणं मी हळूहळू सोडून दिलं.

वहिनींना मात्र ते गाणं नकोसं झालं होतं. "माझाच आवाज," त्या म्हणाल्या, "इतका मोठा की त्या दिवसाचं दुसरं काही ऐकूच येत नाही." त्या दिवसानंतर त्या पुन्हा गायल्या नव्हत्या.

आता त्यांच्यासमोर एक मोठाच प्रश्न येऊन उभा होता. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की त्याला गेलेला धरतात आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षं भरत आली होती. गुरुजी येऊन गेले होते, माहेरची माणसं पत्र पाठवत होती. विधी झाला की कुंकू पुसायचं, चपला उचलायच्या, तिसरं ताट बंद. काका दर वेळी काहीतरी काढून तो विधी पुढे ढकलायचे. महिना बरा नाही म्हणायचे, पावसाळा जाऊ दे म्हणायचे. वहिनी हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. मला एकदा म्हणाल्या, "ते कोपऱ्यावर पान खायला गेले तरी मला सांगून जायचे गं. त्या दिवशी न सांगता कसे गेले, एवढं कळायला हवं. ते कळल्याशिवाय मी त्यांना मेलेलं कसं म्हणू?"

मी त्यांच्यासोबत खडे वेचत बसले.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी सरांनी क्लाससाठी स्पीकर आणले. दोन छोटी करडी खोकी, पण आवाज असा स्वच्छ की पोरं धडा शिकायच्या ऐवजी स्पीकर ऐकायलाच यायला लागली. महिनाभरात ओढाताणीत त्यांची कॉम्प्युटरला लावायची पिन वाकली आणि वायर पिनच्या मानेतून निघाली. एका शुक्रवारी सकाळी मी तो उद्योग चिकटपट्टीने झाकत होते, तेवढ्यात काका दारात.

त्यांच्या चेहऱ्याचा रंगच गेला. एवढीशी पिन, तिच्यात बघण्यासारखं काय होतं. त्यांनी ती दोन बोटांत उचलली, आतल्या तारा बघितल्या आणि विचारलं, "हे लावून कुणी काही ऐकलं का?" मी नाही म्हटलं. "लावू नका. बाजूला ठेवून द्या. मी नवीन पिन आणतो." शुक्रवार असल्याने भिवंडीतला निम्मा बाजार बंद. काका पिनसाठी कल्याणला निघाले. मी म्हटलं, काका, उद्या आणा, घाई कसली आहे. त्यांना ते ऐकूही गेलं नाही.

असा एकही शुक्रवार आजवर गेला नव्हता की दुपारी काका घरात नाहीत. ते गेले आणि थोड्या वेळाने वहिनी जिना उतरून खाली आल्या. पदराखाली टू-इन-वन. त्याचा स्वतःचा स्पीकर आता नुसता फरफरतो, म्हणाल्या, आणि विधीची तारीख ठरायच्या आत त्यांना एकदा ती कॅसेट एकट्याने ऐकायची होती. तुझ्या खोक्यातून स्पष्ट येतं म्हणतात, ते लाव. मी म्हटलं, पिन तुटलीय वहिनी. त्या म्हणाल्या, "धरून बघ ना जरा."

मी धरून बघितलं. टू-इन-वनच्या इयरफोनच्या भोकात पिन घातली, वायर तिरकी दाबून धरली, आणि वहिनींनी बटण दाबलं.

गाणं आलंच नाही. आधी मला वाटलं काहीच येत नाही. मग झांज ऐकू आली, एका बाजूने, अगदी जवळ. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं. आणि या सगळ्यामागे वहिनींच्या गाण्याचा नुसता घुमारा उरला होता, विहिरीच्या तळाशी कुणी गात असावं तसा. शब्द नाही, आवाज नाही. त्या संध्याकाळचे सगळे जण खोलीत होते आणि मध्ये बसून गाणारी तेवढी नाहीशी झाली होती.

तेवढ्यात एक म्हातारा आवाज म्हणाला, "प्रसाद झाका गं कुणीतरी."

"सासूबाई," वहिनी म्हणाल्या. सासूबाईंना जाऊन किती तरी वर्षं झाली होती. माझ्या अंगावर काटा आला, पण हात मी हलू दिला नाही.

मग डावीकडून, माइकच्या अगदी शेजारून, एक पुरुष हलक्या आवाजात बोलला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं कुणाचा ते. "दादा, मी उद्या निघतो. परत नाही यायचं म्हणतोय. तिला तू सांग."

मी वहिनींकडे वळले आणि तार सरकली. वहिनींचं गाणं पुराच्या पाण्यासारखं खोलीत शिरलं आणि बाकी सगळं बुडवून टाकलं. मी टेप मागे घेतली, वायर पुन्हा पुन्हा दाबून बघितली. तो कोन काही परत सापडला नाही.

यात भुताखेताचं काही नव्हतं. पुढे एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला हे समजावून सांगितलं. त्या पिनमध्ये तीन तारा असतात. एक डाव्या स्पीकरची, एक उजव्या स्पीकरची आणि तिसरी दोघांची सामाईक. ती तिसरी तुटली की दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि एका बाजूला कडेला असलेलं तेवढंच उरतं. वहिनी दोन माइकच्या बरोबर मध्ये बसल्या होत्या. दोघे भाऊ कडेला, दाराशी. हे सगळं मला पटलेलं आहे. तरी त्या दुपारचा काटा अजून जात नाही.

वहिनी पोरांच्या स्टुलावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. "मी गात होते," त्या म्हणाल्या, "आणि ते माझ्या मागे बोलत होते." मग, "दादांना म्हणाले."

काका संध्याकाळच्या आत परतले. हातात कागदाची पुडी, तीत नवी पिन. दारातच त्यांना टेबलावरचा टू-इन-वन दिसला, स्टुलावरच्या वहिनी दिसल्या. ते तसेच वर गेले. वरून सोल्डरिंगचं सामान आणलं, माझ्या टेबलावर पेपर पसरला आणि कामाला बसले. मी निघायला हवं होतं. वहिनींनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

वायरचं फाटकं टोक कापलं. वरचं आवरण सोललं. लाल, पांढरी आणि उघडी तांब्याची, अशा तीन तारा वेगळ्या केल्या. राळेचा धूर निघाला. एरवी या कामात त्यांचे हात बघत राहावे असे चालायचे. त्या दिवशी तीनही तारा जोडून झाल्या आणि काका पिनकडे बघत थांबले. पिनचं टोपण पुडीतच राहिलं होतं. ते आधी वायरीत ओवायचं असतं, मगच तारा जोडायच्या. विसरलं की केलेलं सगळं उकलावं लागतं. शिकाऊ पोरं हमखास ही चूक करतात. काकांच्या हातून ती झालेली मी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी सगळं उकललं. टोपण ओवलं. लाल जोडली. पांढरी जोडली. तांब्याची तार बोटात धरली, तेव्हा वहिनी बोलल्या. "थांबा भाऊजी. आता लावा."

"तिसरी राहिलीय."

"राहू दे. असंच लावा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डकडे बघितलं. ते नाही म्हणू शकले असते. हात भाजला म्हणू शकले असते, पिन टाकून देऊ शकले असते. त्यांनी ती स्वतःच्या हाताने भोकात घातली आणि बटण दाबलं.

पुन्हा ती झांज. ती भांडी. प्रसाद झाका गं कुणीतरी. मग तो हलका आवाज, "दादा, मी उद्या निघतो. परत नाही यायचं म्हणतोय. तिला तू सांग." आणि त्यावर दुसरा आवाज. बारा वर्षांनी तरुण होता, पण ओळखायला अवघड नव्हता. समोर बसलेल्या माणसाचाच होता.

"जा. सांगतो."

काकांनी टेप बंद केली. मागच्या कारखान्यातही आवाज नव्हता, रस्त्यावरही नव्हता. त्या शांततेत ते बोलायला लागले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सांगणारच होते म्हणाले. सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आज हे डबा न घेताच गेले, तेव्हा वाटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी त्या दारात वाट बघत उभ्या होत्या, तेव्हा जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी आईने पोलिसात जायला लावलं. एकदा तक्रार लिहून झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार. मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. कॅसेटवर तेव्हा फक्त गाणंच ऐकू यायचं, म्हणून निर्धास्त होते. एक दिवस एकटे असताना इयरफोनची पिन सैल झाली, गाणं गेलं, आणि भाऊ कानात बोलला. पाठोपाठ ते स्वतः बोलले. त्या दिवसापासून घरातली एकही तार त्यांनी सुटी राहू दिली नाही.

"मग दर शुक्रवारी काय ऐकत होतात?" वहिनींनी विचारलं.

"ऐकू येत नाही ना, ते बघत होतो."

आळीने ज्याला माया म्हटलं होतं, ते हे होतं. कॅसेट मोडून का टाकली नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. वहिनींनी ती मोडू दिली नसती, आणि भावाचा आवाज दुसरीकडे कुठे राहिलाच नव्हता. हे उत्तर माझं मलाच मिळालं.

कुठे गेले, असं वहिनींनी विचारलं. काकांना खरंच माहीत नव्हतं. का गेले, तेही माहीत नव्हतं. "विचारलं नाही तेव्हा," ते म्हणाले. "तू गात होतीस. मोठ्याने बोलता येईना."

वहिनींनी माझं मनगट सोडलं. "जोडा ती तिसरी," त्या म्हणाल्या.

काकांनी जोडली. टोपण फिरवून घट्ट केलं आणि सवयीने ओढून बघितलं. जोड पक्का होता. वहिनींनी कॅसेट मागे नेऊन पहिल्यापासून लावली आणि स्वतःचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, परक्या बाईचं ऐकावं तसं. मग टू-इन-वन उचलला आणि वर गेल्या.

आठवड्याभरात त्यांनीच गुरुजींना निरोप पाठवला. मी सकाळी क्लासचं कुलूप काढत होते तेव्हा दोघांचं बोलणं अंगणात चाललं होतं. काका म्हणत होते, तो जिवंत असला तर? जिवंत माणसाला अग्नी कसा द्यायचा? आणि द्यायचा तो मलाच द्यावा लागणार.

"असू देत जिवंत," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही त्यांना जा म्हणालात. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता मी म्हणते जा."

पळसाची पानं अकलोलीकडून एक बाई पाटीत घेऊन आली. अंगणात गुरुजींनी त्या पानांचा माणूस रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. हातपाय सुतळीने बांधले. माझ्या खिडकीतून ते सगळं दिसत होतं आणि मला तिकडे बघवत नव्हतं. तरी एक गोष्ट दिसलीच. नदीवर नेण्याआधी काका खाली वाकले आणि त्यांनी त्या पानांच्या माणसाची एकेक गाठ ओढून बघितली.

कॅसेटही त्याच्याबरोबर गेली. ती वहिनींनी स्वतः पानांमध्ये खोचली होती. चपला आमचा क्लास झाडणाऱ्या बाईने नेल्या. वहिनींनी मंगळसूत्र काढून ठेवलं, पण बारीकशी टिकली राहू दिली. आळीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा सवय आहे म्हणाल्या. काकांना त्यांनी घरातून काढलं नाही, बोलणं टाकलं नाही, वेळेवर जेवायला वाढलं. मला तसं जमलं नसतं. मला त्या माणसाचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की रागाच्या आधी त्यांची ती गाठी ओढणारी बोटं आठवतात.

पुढच्या शुक्रवारी लूम बंद झाले. दुपारची बॅच सुटली. वर टू-इन-वन होता, पण कॅसेट नव्हती, त्यामुळे शांतता लांबतच गेली. मी खिडक्या लावत होते आणि वरून गाणं सुरू झालं. तीच गौळण. आवाज थोडा जाड झालेला, वरच्या सुराला चिरकलेला, पण तोच.

काका जिना उतरून आले. हातात टेस्टर. थेट स्पीकरपाशी गेले. "चालू आहे का हा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बंद आहे काका, पिन काढून ठेवलीय. त्यांनी ती पिन हातात घेतली, स्वतः जोडलेली. ओढून बघितली. कुठेच काही सुटलेलं नव्हतं.

वर पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं आणि मध्येच थांबलं. वहिनी विसरल्या असं मला क्षणभर वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की कॅसेटवर "तिला तू सांग" बरोबर इथेच यायचं. वर भांडं वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. वहिनी थांबल्या होत्या. काका पिन हातात घेऊन, जिन्याकडे तोंड करून उभे होते.

"सांगतो," ते म्हणाले.

वरपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते बोलले नव्हते, तरी पुढची ओळ लगेच सुरू झाली. आमचा क्लास त्या घरात होता तोवर दर शुक्रवारी हे असंच चाललं होतं.